तीनशे अठ्ठ्याऐंशीवा फूट

२ फेब्रुवारी २०२५
लडाख

ताई,

आणि ती हार्ड डिस्कची गोष्ट तू आता कुसुमताईंनाही सांगितलीस, हे काही बरं केलं नाहीस. घरातलं घरात ठेवावं, ग्वालियरभर करू नये. आई फोनवर सांगत होती, खालच्या कुसुमताईंनी तिला जिन्यात थांबवून विचारलं, अभिनं खरंच बहिणीची पीएचडी विकली का हो. पीएचडी म्हणजे काय गजक आहे, पाव किलो तोलून विकायला? मी तेव्हाही सांगितलं होतं, आता लिहून देतो. सगळे स्कॅन असलेली तुझी ती डिस्क मी घेतली नव्हती. टेबलावरून कुठे गेली मला ठाऊक नाही. तू ऐकूनच घेतलं नाहीस. दारात उभी राहून एकच विचारलंस, "कितीला?" मी म्हटलं, मी नाही घेतली. तर पुन्हा तेच, "कितीला विकलीस, तेवढं सांग." आणि त्यानंतर सव्वादोन वर्षं एक शब्द नाही. फोन लावावा तर ब्लॉक. म्हणून पत्र लिहितो. मागची दोन पाकिटं तू न फोडता फ्रिजवर ठेवलीस, तेही आईनं सांगितलं. हेही ठेव. फ्रिज काही लहान नाही आपला.

कुसुमताईंना सांगायचंच होतं तर अर्धं का सांगितलंस? ते कागद कोण धरत होतं, हे सांगितलंस का? चार महिने, ताई. मुरारच्या बाजारातल्या मोबाइलच्या दुकानातून नऊला सुटायचो, दोन पोळ्या खायचो आणि तुझ्यासमोर येऊन बसायचो. तुझ्या मधुसूदन सरांनी तरुणपणी एका ताऱ्याचा उजेड मोजला होता, हर्षल त्याच्या समोरून सरकत होता तेव्हा. (तू युरेनस म्हणायचीस, आई पंचांगातलं हर्षल म्हणायची, मलाही तेच सोपं जातं.) यंत्राचं पेन हलत राहिलं आणि सहाशे फूट कागदावर एक लांब रेघ उमटली. सर गेले, मुलानं घर विकताना ट्रंक तुझ्या गळ्यात घातली, आणि आतल्या गुंडाळ्या अशा झाल्या होत्या की हात लावला की पापडासारख्या मोडायच्या. आई लाटणं फिरवून कागद सपाट करून द्यायची. मी दोन अंगठ्यांनी कडा दाबायचो आणि फुटाचा आकडा ओरडायचो. तू स्कॅनरचं बटण दाबायचीस. "अंगठा काढ, अभि, अंगठा येतोय." स्कॅन झालेल्या फुटाचा चुरा व्हायचा, तो सुपात भरून आई सकाळी टाकायची. एवढं करणारा माणूस ती डिस्क उचलून विकेल का? तूच सांग.

दुसरी प्रत का नव्हती, हेही मीच सांगायचं का? फेलोशिपचे पैसे आले की दुसरी डिस्क घेईन म्हणत होतीस. आठ महिने म्हणत होतीस.

इथलं विचारशील तर (विचारणार नाहीस) मी चीनच्या बाजूला आहे. चौदा हजार फुटांवर एक दुर्बीण आहे, तिच्या जनरेटरवर. सकाळी डिझेल गोठलेलं असतं, टाकीखाली शेगडी सरकवून ते पातळ करायचं. दुपारी घुमट ज्या रुळांवर फिरतो त्यांवरचं बर्फ खरवडायचं. नाकातून रक्त येतं, त्याचं आता काही वाटत नाही. इथे सोनिका मॅडम म्हणून आहेत, त्यांचं काम कड्यांवर आहे. शनीची कडी, गुरूची, तुझ्या हर्षलची. नववीत गणितात अकरा मार्क मिळालेला माणूस कुठे येऊन पडला बघ. योगायोग म्हणायचा, दुसरं काय. मला एका जागी बसवत नाही हे तुला माहीत आहे, सुरतेला तीन महिने टिकलो, पीथमपूरला दोन. इथे दीड वर्ष होत आलं. का, ते विचारू नकोस.

सहा हजार आईच्या खात्यात टाकले आहेत. तू त्यातला पैसा घेत नाहीस म्हणे. मुरारच्या कोचिंगमध्ये पोरांना भौतिकशास्त्र शिकवून मिळतं त्यात भागवतेस. भागव.

अभिराम


२८ मार्च २०२५

ताई,

तेवीस तारखेला शनीची कडी दिसेनाशी झाली. तुला माहीत असणारच. मला सोनिका मॅडमनी मेसमध्ये समजावलं. रोटी हातात आडवी धरली, मग हळूहळू तिची कड माझ्या डोळ्यांसमोर आणली. "अब दिखी? अब नहीं दिखी." कडी पावणेतीन लाख किलोमीटर रुंद पसरलेली, पण जाडी बघायला गेलं तर पुष्कळ ठिकाणी दहाएक मीटरच. म्हणजे आपल्या माधवगंजच्या घराएवढी, तिसरा मजला धरून. ती सरळ कडेवर आली की रेघसुद्धा उरत नाही. पंधरा वर्षांत एकदा असं होतं. मी म्हटलं मग दाखवा. तर म्हणाल्या, दिसणार नाही, शनी आत्ता सूर्याला चिकटला आहे. पंधरा वर्षं वाट बघायची आणि तो दिवस येतो तेव्हा बघायला कोणी नाही. जेवण तसंच राहिलं माझं.

आपल्याकडे शनीचं नाव काढलं की लोक तेल घेऊन उठायचे. आठवतं? तू कड्यांवर शिकतेस म्हटल्यावर कुसुमताई साडेसाती विचारायला वर आल्या होत्या. तू म्हणालीस, माझं काम हर्षलवर आहे, शनीचं मला कळत नाही. त्या म्हणाल्या, मग शनीवालं कोण आहे त्यांचा नंबर दे. त्या दिवशी आई पण हसली होती. नंतर शनिवारी गुपचूप शनिश्चऱ्याच्या देवळात तेल वाहून आली, ते तुला अजून माहीत नाही.

मेसमध्ये एक चूक झाली माझ्याकडून. मी मॅडमना विचारलं, हर्षलच्या वेळी रेघ जाताना खाली बसली आणि येताना नाही बसली, तर? त्यांनी रोटी ताटात ठेवली. म्हणाल्या, हे तुला कोणी शिकवलं? आता जनरेटरवाल्यानं असलं विचारलं तर कोणीही विचारील. मी म्हटलं, बहीण. मग नाव, गाव, गाइड कोण, सगळं. मधुसूदन सरांचं नाव त्यांना माहीत निघालं. ते कागद कुठे आहेत म्हणाल्या. मी सांगितलं, खराब झाले.

त्यांनी मला तेच सांगितलं जे तू सांगायचीस, फक्त तू जास्त सोपं करून सांगायचीस. हर्षलची कडी कोळशासारखी काळी, दुरून दिसत नाहीत. तारा त्यांच्या मागून जाताना क्षणभर मंद होतो, त्यावरून कळतात. ग्रहाच्या अलीकडे जेवढ्या अंतरावर तारा मंद झाला तेवढ्याच अंतरावर ग्रहाच्या पलीकडेही झाला, तर ते कडं. एकाच बाजूला झाला तर ढग असेल, यंत्र हललं असेल, काहीही असेल.

मला तो शेवटचा दिवस आठवत होता. दोनशे बाराव्या फुटावर रेघ जराशी खाली बसलेली. तांदळाच्या दाण्याएवढी. माहीत असलेल्या सगळ्या कड्यांच्या आत. तू स्क्रीनजवळ तोंड नेऊन बघत होतीस, तुझ्या चष्म्यावर ती रेघ दिसत होती मला. म्हणालीस, ढग असेल. मग मोजलंस आणि म्हणालीस, खरं असेल तर तीनशे अठ्ठ्याऐंशीव्यात पुन्हा यायला हवं. ते स्कॅन आधीच झालं होतं, उघडायचं तेवढं बाकी. आणि लाइट गेली. "उद्या बघू," म्हणालीस.

समज, कोणी घेतली असेल ती डिस्क. समज, त्याला वाटलं असेल की तुझ्याकडे प्रत असेलच, एवढी शिकलेली मुलगी. असा कोणी असला तर तो अगदीच वाईट असेल असं नाही ना?

मी इथे योगायोगानं आलेलो नाही. बस, आज एवढंच.

अभि


१९ जुलै २०२५

ताई,

तो माणूस सापडला.

आता सरळ लिहितो, नाहीतर पुन्हा उलटंसुलटं होईल. डिस्क मी घेतली होती. लाइट गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी, तू आंघोळीला गेलीस तेव्हा. दुकानात एक फौजी यायचा, दिग्विजयसिंह, भिंडकडचा. मुरारहून त्यांची पलटण लडाखला निघाली होती. तो कधीपासून सिनेमे भरलेली मोठी डिस्क मागत होता, आता दुपारपर्यंत हवी होती. दुकानातल्या संपल्या होत्या. मालक म्हणाला, गिऱ्हाईक गेलं तर तुझ्या तनख्यातून. मी म्हटलं, माझ्याकडे एक आहे.

पण मी तुझं काम वाचवलं होतं, ताई. निदान मला तसंच वाटत होतं. दुकानात दिवसभर आमचं एकच काम, सिनेमावर उजवं बटण दाबायचं, सेंड टू म्हणायचं, गिऱ्हाइकाचं कार्ड निवडायचं. सिनेमा कार्डात जायचा. तुझ्या फोल्डरांवर मी तसंच केलं. सेंड टू, आणि कार्डाऐवजी खाली डेस्कटॉप लिहिलं होतं ते दाबलं. अकरा फोल्डर पडद्यावर आले, तुझ्याच नावाचे. मी ते अकरा पेनड्राइव्हमध्ये घातले, डिस्क पुसली आणि दोनशे दहा सिनेमे भरून दिले. पेनड्राइव्ह संध्याकाळी तुझ्या टेबलावर ठेवला. मनात म्हटलं, डिस्क हरवली म्हणून ओरडशील, पण काम तर आहे.

त्या फोल्डरांच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण होता. मी रोज हजार चित्रं बघायचो, तो बाण मला दिसला नाही. डेस्कटॉपवर पाठवलं की नुसता पत्ता जातो, घर मागेच राहतं, हे मला दुसऱ्या दिवशी दुकानातल्या सूर्याजीनं सांगितलं. तोपर्यंत तू पेनड्राइव्ह लावून बसली होतीस आणि पलटणीची गाडी कुठच्या कुठे गेली होती.

तू ऋणनिर्देशाच्या पानात माझं नाव घातलं नव्हतंस, तेही मी वाचलं होतं. सर होते, आई होती, वायफायसाठी कुसुमताईसुद्धा होत्या. ते कारण नाही. ते मी लिहिलंच नाही असं समज.

तेव्हापासून मी लडाखला यायची खटपट करत होतो. पहिले सात-आठ महिने रस्त्याच्या ठेकेदाराकडे दगड फोडले. मग कळलं की या दुर्बिणीच्या वाटेनं फौजेच्या गाड्या जातात, म्हणून इथे चिकटलो. प्रत्येक गाडीला विचारायचो, भिंड-ग्वालियरचं कोणी आहे का. लोकांना वाटायचं पोरगा घरच्या आठवणीनं वेडा झालाय. चहा पाजायचे. दोन वर्षं असा चहा प्यायलो मी.

पंधरा दिवसांपूर्वी एका पाण्याच्या टँकरवर तोच बसला होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. मी ओळखलं, त्यानं नाही. मी म्हटलं, मुरारमधून डिस्क घेतली होती. तर खाली उतरून त्यानं मला मिठीच मारली.

"अरे ग्वालियर वाले! भाई, उस डिब्बे ने हमारी दो सर्दियाँ निकाल दीं."

 तो सांगत होता, वर पोस्टवर सहा महिने वाट बंद असते, सात माणसं एका बंकरमध्ये. एकेक सिनेमा चाळीस चाळीस वेळा बघितला. एक पोरगा होता, घरी कोणी वारलं आणि जाता येईना, त्याला सगळ्यांनी मिळून तीन दिवस नुसते विनोदी सिनेमे दाखवले. मी ऐकत होतो आणि माझ्या डोक्यात आकडे चालले होते. कुठल्या सिनेमाच्या खाली तुझा कुठला फूट गेला असेल.

मी विचारलं, आता कोणाकडे आहे. तर म्हणाला, "पोस्ट पे ही है. पलटन बदली तो चार्ज में दे आए. एक बुखारी, दो कुर्सी, एक डिब्बा." शेगडी आणि खुर्च्यांच्या यादीत लिहून दिली, ताई. सरकारी झाली ती.

शेवटी असं ठरलं की मी नवी डिस्क भरून द्यायची, तिच्यापेक्षा मोठी, आणि रेशनची गाडी वर जाईल तेव्हा अदलाबदल. लेहला जाऊन घेतली. सिनेमे भरायला तीन रात्री लागल्या, इथलं नेट म्हणजे बैलगाडी. त्यामुळे या महिन्यात पैसे नाहीत. आईला सांग, तनखा उशिरा झाला.

तू हे वाचशील का नाही, मला माहीत नाही. वाचलंस तर आता "कितीला" हे पुन्हा विचारू नकोस. ते सोडून काहीही विचार.

अभि


२ नोव्हेंबर २०२५

ताई,

आईचं दिवाळीचं पार्सल काल पोचलं. शंकरपाळ्यांचा भुगा झाला होता, तो चहात घालून खाल्ला. चिवड्याच्या डब्याच्या झाकणाला आतून एक चिठी चिकटवलेली होती. नाव नाही, तारीख नाही. "३८६ ते ३९०. डिस्कच्या सेक्टरना हात लावू नका, आधी तिची हुबेहूब प्रत घ्या, मग शोधा." अक्षर तुझं.

सेक्टर म्हणजे काय ते मला नाही कळलं. सोनिका मॅडमना दाखवलं, त्यांना कळलं. म्हणाल्या, तुझी बहीण काम जाणते. मी चिठी परत मागून घेतली. खिशात आहे.

डिस्क मागच्या आठवड्यात खाली आली. रेशनच्या गाडीतून, बटाट्याच्या पोत्यात. वरून तडा गेलाय, त्यावर कोणीतरी पट्टी लावून देवाचं चित्र चिकटवलंय. मॅडमच्या संगणकवाल्या मुलाकडे दिली आहे. तो म्हणाला, वेळ लागेल. मी म्हटलं लागू दे. रोज दोनदा जाऊन दारात उभा राहतो. त्यानं काल सांगितलं, भैया, इथे उभं राहून लवकर नाही होणार.

आई म्हणाली, तू पत्रं फ्रिजवरून काढली आहेस. सगळी.

सहा हजार टाकले.

अभि


२७ नोव्हेंबर २०२५

ताई,

वाट बघत असशील म्हणून आधी तेच सांगतो. ३८६ ते ३९० नाही मिळाले. त्या मुलानं चार वेगवेगळ्या तऱ्हांनी शोधलं. तुझ्या चिठीप्रमाणेच, प्रत घेऊन. फौजींनी पण वर आपले सिनेमे, लग्नाचे व्हिडिओ भरले होते, डिस्क काठोकाठ होती. खाली काही उरलं नाही. सहाशे फुटांतून सोळा निघाले. बारा मधले आहेत, हर्षलनं तारा पूर्ण झाकला होता तेव्हाचे, नुसती सपाट रेघ. तीन सुरुवातीचे. आणि एक दोनशे बारा.

दोनशे बारा पूर्ण आलंय. मॅडमनी मोठं करून दाखवलं. तो दाणा तिथेच आहे. कडेला एक काळा गोळा होता, त्या म्हणाल्या, "ये क्या है, दाग़?" मी पडद्यावर माझा अंगठा ठेवला. दहावा फूट होता तेव्हा लाटण्याच्या फुटलेल्या मुठीनं कापलं होतं ती खूणसुद्धा जुळली. तू "अंगठा काढ" म्हणाली असशील आणि मी काढला नसेल. बाकी सगळं गेलं, अंगठा राहिला.

मॅडम खूप वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, खोलगट भाग साफ आहे, कडा सरळ आहेत, ढगाला सहसा अशा नसतात. मी म्हटलं मग झालं की. त्या नाही म्हणाल्या. एका बाजूवरून कोणी मानणार नाही, मीसुद्धा नाही. मी म्हटलं, हर्षल तर अजून आहे वर, पुन्हा एखादा तारा त्याच्या मागे जाईल, तेव्हा बघा. तर त्यांनी समजावलं की आतली ती बारीक कडी पन्नास वर्षांत बदलतात, पसरतात, तुकडा असेल तर विरूनही जातो. नंतर गेलेल्या यानाला तिथे असं काही दिसलं नव्हतं. तेव्हा होतं का, हे त्या रात्रीच्या कागदावरूनच कळलं असतं. ज्याचा चुरा आईनं सुपात भरून टाकला.

चोवीस तारखेला त्यांनी मला शनी दाखवला, छोट्या दुर्बिणीतून. कडी पुन्हा जवळजवळ कडेवर आली आहेत. वाटाण्यातून टाचणी आरपार घालावी तसं दिसतं. मग कृत्तिकांच्या जवळ तुझा हर्षल दाखवला. हिरवट ठिपका. कडी नाही दिसली, दिसणार नव्हतीच. मी तरी बघत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा बघितला मी तो. तूही नसशील बघितलास, आपल्या गच्चीवरून काय दिसतं.

तिथेच मॅडमनी विचारलं.

"अभिराम, काग़ज़ तो तुमने पकड़ा था. तीन सौ अट्ठासी याद है?"

 त्या म्हणाल्या, छापता तर येणार नाही, आठवणीला पुरावा म्हणत नाहीत. पण तुझ्या बहिणीला कळेल तरी, की ती वाया बसली नव्हती. कदाचित ती पुन्हा सुरू करील, दुसऱ्या कागदांवर. त्यांच्याकडे दुसऱ्या वेधशाळांच्या जुन्या पट्ट्या आहेत, बघणारं कोणी नाही. त्यांनी हे चांगल्या मनानं म्हटलं. त्यांना काय माहीत मी कोण आहे.

ताई, मी हो म्हणणार होतो. जिभेवर होतं. खोलीवर येऊन मी तुला तसं पत्रही लिहिलं. "ताई, होता. तसाच, तांदळाच्या दाण्याएवढा, तीनशे अठ्ठ्याऐंशीच्या मधोमध." चांगलं झालं होतं पत्र. एकही खोड नव्हती. खोटं लिहिताना माझा हात कधी अडत नाही, डिस्क घेतली नाही हे तुला मी तीन पत्रांत लिहिलं, एकदाही अडला नाही. हे वाचून तू काय करशील तेही दिसत होतं मला. तू उठशील, चष्मा पुसशील, कोचिंगला जाणार नाहीस त्या दिवशी. आणि मग आयुष्यभर त्या दाण्यावर एकेक गोष्ट चढवत जाशील, आणि खाली माझा शब्द.

पाकीट चिकटवून झालं होतं. सकाळी टाकीखालची शेगडी पेटवली तेव्हा ते तिच्यात टाकलं.

खरं काय ते लिहितो. तो फूट स्कॅन केला त्या दिवशी मी तीनशे अठ्ठ्याऐंशी असं ओरडलो, हे मला आठवतं. अंगठे कागदावर होते तेही आठवतं. आणि त्याच वेळी मांडीवर फोन वाजला, दिग्विजयसिंहचा होता, डिस्क मिळेल का म्हणून. मी मान खाली घालून त्याचा मेसेज वाचत होतो. तू बटण दाबलंस, उजेड सरकला, मी पुढचा फूट सरकवला. रेघ खाली होती की वर, मी बघितलं नाही. माझ्या नाकासमोर होती, ताई. मी बघितलं नाही.

मॅडमनाही मी हेच सांगितलं.  नंतर त्यांनी तुझा पत्ता मागितला, तो मी दिला आहे. त्यांचं पत्र आलं तर ते फ्रिजवर ठेवू नकोस. त्यांचा आणि माझा काही संबंध नाही.

सोळा फुटांचा पेनड्राइव्ह या पाकिटात आहे. या वेळी उघडून पाहिला, दुसऱ्या संगणकावर लावून पाहिला, सगळे उघडतात. बाण नाहीत.

एप्रिलपर्यंत खाली उतरायची वाट बंद आहे, टपाल तेवढं विमानानं जातं. उघडली की मी इथून निघेन, इथलं काम संपलं. कुठे जाईन ते नक्की नाही. तिकडे येणार नाही, घाबरू नकोस. आईला सांग, पाय फाटले होते ते बरे झाले.

नेहमीचे सहा हजार आईच्या खात्यात टाकले आहेत. त्यांशिवाय तू दारात विचारलं होतंस तेवढे पोस्टातून वेगळे तुझ्या नावानं पाठवतोय, ते सही करून घे, परत करू नकोस. चौदाशे रुपये.